पेट्रोलच्या रांगा आणि आत्म्याचं रितेपण: कार्टर यांच्या १९७९च्या भाषणाचा प्रकरण अभ्यास

१५ जुलै १९७९, रविवार. रात्री दहा वाजता अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर व्हाइट हाउसमधल्या आपल्या कार्यालयातून दूरचित्रवाणीवर देशाशी बोलले. लोकांची अपेक्षा होती ती ऊर्जेवरच्या भाषणाची. पण बराच वेळ ते बोलले माणसाच्या आतल्या पोकळीबद्दल. आपल्यापैकी फार जण आता ऐषाराम आणि उपभोग यांची पूजा करू लागले आहेत. माणसाची ओळख तो काय करतो यावरून न होता त्याच्यापाशी काय आहे यावरून होते. पण वस्तूंचा ढीग रचून निरुद्देश आयुष्याची पोकळी भरत नाही, हे आपल्याला कळून चुकलं आहे, असं ते म्हणाले. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था चालवणाऱ्या माणसाने सत्तेवर असताना स्वतःच्याच समाजाच्या उपभोगावर इतकी थेट टीका केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

या भाषणाची गोष्ट बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते: लोकांना प्रवचन आवडत नाही, कार्टर यांनी प्रवचन दिलं, म्हणून ते पुढच्या वर्षीची निवडणूक हरले. ही मांडणी मला चुकीची वाटते. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली आहेत: वक्त्यावरचा विश्वास, श्रोत्याच्या मनात जागवलेली भावना आणि युक्तिवादाचं बळ. इथॉस, पॅथॉस आणि लोगोस. ही तीन वेगळी करून भाषण वाचलं की दिसतं ते असं: इथॉस त्या रात्री भक्कम होता आणि दोन दिवसांनी मोडला, पॅथॉस काही ठिकाणी अस्सल होता, आणि लोगोसमधली फट पहिल्यापासूनच होती, ती कुणी बुजवली नाही.

आधी काय घडलं होतं

१९७८च्या अखेरीस इराणमधल्या तेलकामगारांनी संप केला. पुढे तिथल्या राजाची, शहाची, राजवट कोसळली आणि इराणच्या तेलाची निर्यात काही काळ जवळपास थांबली. जगाच्या एकूण पुरवठ्यातली घट तशी थोडी होती, पण धास्तीने साठे करणं सुरू झालं आणि ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने दर चढवत नेले. मे महिन्यात कॅलिफोर्नियात आणि जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावर पंपांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. नंबरप्लेटवरचा आकडा सम आहे की विषम, यावर पेट्रोल कोणत्या दिवशी मिळणार ते ठरू लागलं. डिझेलच्या टंचाईवरून आणि दरावरून ट्रकचालकांनी संप पुकारला. जूनच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये पंपांजवळच्या चौकात दंगल झाली, गाड्या जाळल्या गेल्या. त्या वर्षीची महागाई ११ टक्क्यांच्या वर होती.

कार्टर यांचं भाषण खरं तर ५ जुलैला व्हायचं होतं. आदल्या दिवशी ते अचानक रद्द झालं आणि अध्यक्ष कँप डेव्हिड या अध्यक्षीय विश्रामस्थानी जाऊन बसले. दहाएक दिवस तिथे गव्हर्नर, कामगार नेते, धर्मगुरू, अर्थतज्ज्ञ यांना बोलावून ते ऐकत राहिले, वहीत टिपणं घेत राहिले. पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियामधल्या दोन साध्या कुटुंबांच्या घरीही जाऊन आले. या सगळ्यामागे त्यांचे जनमत चाचणीकार पॅट कॅडेल यांचं ७५ पानी टिपण होतं. देशाची अडचण तेलापुरती नाही, लोकांचा भविष्यावरचा विश्वासच उडाला आहे, हा त्याचा गाभा. मे अखेरीस समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला आणि डॅनिएल बेल, इतिहासकार ख्रिस्तोफर लॅश अशा अभ्यासकांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावून चर्चाही झाली होती.

उपाध्यक्ष वॉल्टर मोंडेल यांना मात्र ही दिशा अजिबात मान्य नव्हती. इतकी की त्यांनी राजीनाम्याचाही विचार केला होता. लोकांना पेट्रोल मिळत नाही आणि पगार पुरत नाही, या खऱ्याखुऱ्या अडचणी आहेत. त्यांना तुमच्या मनात बिघाड आहे असं सांगू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मोंडेल यांचा हा आक्षेप लक्षात ठेवावा, लोगोसच्या चर्चेत तो पुन्हा लागणार आहे.

इथॉस: आधी स्वतःवरचे आरोप

उपभोगावर टीका करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न चुकत नाही: हे सांगणारा तू कोण? ज्याच्या दिमतीला विमानं आणि ताफे आहेत, त्याने ऐकणाऱ्याला गाडी कमी चालव म्हणायचं तर त्याच्याकडे तसं बोलण्याचा अधिकार कुठून येतो? कार्टर यांनी हा अधिकार दोन वाटांनी मिळवला होता.

पहिली वाट वर्तनाची. ते जॉर्जियातल्या प्लेन्स या छोट्या गावातले भुईमुगाचे शेतकरी, बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी बायबल शिकवणारे. शपथविधीनंतर मोटारीतून उतरून पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून ते चालत गेले होते. अध्यक्षांची सेक्वोया ही नौका त्यांनी विकायला काढली. १९७७च्या हिवाळ्यात अंगात लोकरी स्वेटर घालून त्यांनी लोकांना घरातलं तापमान कमी ठेवायला सांगितलं. या भाषणाच्या महिनाभर आधी, २० जूनला, व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे सौर संच बसले होते. बोलणं आणि वागणं यांत अंतर आहे असा आरोप त्यांच्यावर सहज चिकटला नसता.

दुसरी वाट त्या रात्रीच्या भाषणातली, आणि माझ्या मते ती या भाषणाची सर्वांत धाडसी चाल आहे. श्रोत्यांच्या उपभोगाबद्दल एक शब्द काढण्याआधी कार्टर यांनी कँप डेव्हिडवर लोकांनी स्वतःबद्दल काय सुनावलं ते वहीतून वाचून दाखवलं. दक्षिणेतल्या एका गव्हर्नरचं म्हणणं: अध्यक्ष महोदय, तुम्ही देशाचं नेतृत्व करत नाही, नुसतं सरकार चालवता. दुसऱ्या कुणाचं: तुम्ही आता लोकांना पुरेसे भेटत नाही. आणखी कुणाचं: तुमचे काही मंत्री निष्ठावान वाटत नाहीत, तुमच्या शिष्यांत शिस्त कमी आहे. आपल्या यशाचं वर्णन त्यांनी 'संमिश्र' असं केलं.

टीका करणाऱ्याने आधी स्वतः टीका सोसली की पुढचं बोलणं वरून आल्यासारखं वाटत नाही. शिवाय या वाचनात मंदी आणि गरिबी सोसलेल्या माणसांचे आवाज आले. दूरचित्रवाणीवर अध्यक्षांच्या तोंडून आपल्यासारख्या माणसाचं वाक्य ऐकू येणं, ही श्रोत्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

इथे एक राहून गेलेली गोष्ट मराठी वाचकाला जाणवेल. कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ ते १९६८ या काळात पीस कोअर या परदेशात सेवेसाठी माणसं पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत राहिल्या होत्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अमेरिका सोडून त्या तिथल्या दवाखान्यात परिचारिकेचं काम करत होत्या. माणसाला किती पुरतं, याबद्दल बोलण्यासाठी इतकी जवळची साक्ष घरातच असताना भाषणात तिचा उल्लेख नाही. कदाचित तो संकोच असेल. पण या एका आठवणीने उपभोगाचा परिच्छेद अमूर्त राहिला नसता, असं मला राहून राहून वाटतं.

पॅथॉस: दोष आणि दुखणं

भावनेच्या अंगाने भाषणात दोन वेगळे प्रवाह आहेत आणि ते एकमेकांत नीट मिसळलेले नाहीत.

एक प्रवाह दोष दाखवण्याचा. कष्ट, घट्ट कुटुंबं, शेजारपाजारचा जिव्हाळा आणि देवावरची श्रद्धा यांचा अभिमान बाळगणारा देश एका बाजूला. ऐषारामाची आणि उपभोगाची पूजा दुसऱ्या बाजूला. 'पूजा' हे क्रियापद योगायोगाने आलेलं नाही. बायबल शिकवणारा माणूस ते वापरतो तेव्हा खऱ्या देवाला सोडून मूर्तीमागे लागलेल्या लोकांची जुनी कथा श्रोत्याच्या मनात जागी होते. प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट वसाहतकारांच्या काळापासून अमेरिकेत चालत आलेल्या प्रवचनाचा हा साचा आहे: आपल्याशी एक करार झाला होता, आपण तो मोडला, म्हणून संकट आलं, आता पश्चात्ताप करून परत फिरू या. हा साचा श्रोत्याला हलवून सोडतो, कारण त्यात शरम आणि आशा एकाच वेळी असतात.

दुसरा प्रवाह दुखण्याचा. आपला देश मतपेटीचा आहे, बंदुकीच्या गोळीचा नाही, अशी आपली खात्री होती. मग जॉन केनेडी, रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे खून झाले. आपलं सैन्य अजिंक्य आणि आपली बाजू नेहमी न्यायाची, असं आपल्याला शिकवलं होतं. मग व्हिएतनामची यातना आली. अध्यक्षपद मानाचं मानत होतो; मग वॉटरगेटचा, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या घोटाळ्याचा, धक्का बसला. दहा वर्षांच्या महागाईने डॉलर आणि साठवलेली पुंजी झिजत गेली. या जखमा खोल आहेत, त्या अजून भरलेल्या नाहीत. हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला तो संपूर्ण भाषणातला सर्वांत खरा वाटतो. यात श्रोत्याला दोषी ठरवलेलं नाही. त्याच्यावर काय कोसळलं ते नाव घेऊन सांगितलं आहे, आणि ते सांगणारा त्याच्या शेजारी उभा आहे.

अडचण क्रमाची आहे. भाषणात दोष आधी येतो, दुखणं नंतर. क्रम उलटा असता तर ऐकणाऱ्याला कळलं असतं की ज्यांचा सार्वजनिक गोष्टींवरचा विश्वास एकामागून एक धक्क्यांनी तुटला, ती माणसं स्वतःच्या घरात, गाडीत, वस्तूंत सुरक्षितता शोधू लागली. मग उपभोग हा दुखण्यातून आलेला ठरला असता. आहे त्या क्रमात तो पापासारखा ऐकू येतो.

लोगोस: रांगेतला माणूस काय विकत घेत होता?

आता युक्तिवाद. तो थोडक्यात असा: ऊर्जेचा प्रश्न सुटत नाही, कारण देश एकत्र येऊ शकत नाही, देश एकत्र येत नाही, कारण आत्मविश्वास हरवला आहे, आणि आत्मविश्वास हरवल्याचं एक लक्षण म्हणजे उपभोगाची पूजा. प्रत्येक पायरीवर 'कशावरून?' असं विचारावं लागतं.

पुरावा म्हणून कार्टर यांनी काही गोष्टी मांडल्या. आपल्यातले दोन तृतीयांश लोक मतदानच करत नाहीत, हा त्यांतला एक. १९७८च्या मध्यावधी निवडणुकीपुरतं (दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मध्ये होणारी संसदेची निवडणूक) ते साधारण बरोबर होतं. पण खुद्द कार्टर निवडून आले त्या १९७६च्या अध्यक्षीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक पात्र नागरिकांनी मत दिलं होतं. एका प्रकारच्या निवडणुकीचा आकडा सगळ्या नागरिकत्वाचा म्हणून वापरला गेला. भाषणाच्या ओघात हे कुणाच्या लक्षात येत नाही. विश्लेषण करणाऱ्याने मात्र तिथे थांबायला हवं.

दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. भविष्यासाठी बचत करण्याची अमेरिकनांची तयारी पाश्चात्त्य जगात सर्वांत कमी झाली आहे, असं ते म्हणाले. भाषणात हे चारित्र्याच्या घसरणीचं लक्षण म्हणून येतं. पण त्या काळी साध्या बचत खात्यावर किती व्याज द्यायचं याची कमाल मर्यादा सरकारी नियमानेच बांधलेली होती, साधारण ५ ते साडेपाच टक्के. महागाई ११ टक्के. म्हणजे बँकेत शंभर डॉलर ठेवणारा गृहस्थ वर्षअखेरीला गरीबच होत होता. ज्याला फ्रिज घ्यायचाच आहे त्याने तो भाव वाढायच्या आत घेणं, हा त्या परिस्थितीत साधा हिशेब होता. बचत घटली हे खरं. पण त्यातून आत्म्याचा रितेपणा सिद्ध होत नाही. नियम आणि महागाई यांनी तेवढंच घडवून आणलं असतं.

आणि रांगा? त्यांचं कारण उपभोगाच्या हावेत शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. तेलाच्या किमतीवर आणि वाटपावर १९७३पासून सरकारी नियंत्रण होतं. कोणत्या भागाला किती पेट्रोल द्यायचं हे आधीच्या वर्षीच्या खपावरून ठरत होतं. त्यामुळे सुट्टीच्या ठिकाणांच्या आणि गावांकडच्या पंपांवर साठा होता आणि शहरांत, जिथे लोक टंचाईमुळे घराजवळच थांबले होते, तिथे पंप कोरडे. उद्या मिळेल की नाही या धास्तीने लोक अर्धी भरलेली टाकी पुन्हा भरायला रांगेत उभे राहत, आणि रांगेत इंजिन सुरू ठेवून तेच पेट्रोल जाळत. या सगळ्यात भीती आहे, चुकीची वाटपव्यवस्था आहे. चंगळ शोधावी लागते.

लेव्हिटटाउनची दंगल या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एकसारख्या घरांची जी उपनगरं मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, त्यांतलं हे एक, १९५०च्या दशकातलं. सरकारी हमीच्या कर्जांनी अशी घरं सामान्य कामगाराच्या आवाक्यात आणली, १९५६च्या कायद्याने महामार्गांचं जाळं विणलं गेलं, आणि नोकरी, दुकान, शाळा, दवाखाना सगळं गाडीच्या अंतरावर गेलं. तिथल्या रांगेतला माणूस पेट्रोल घेत होता ते कामावर जाण्यासाठी. त्याने ही रचना निवडली असं म्हणायचं तर तिला पर्याय काय होता, हेही सांगावं लागेल. उपभोगी समाज हा माणसांच्या इच्छांचा जसा बनतो तसा रस्ते, कर्जं, जाहिराती आणि कायदे यांचाही बनतो. कार्टर यांच्या त्या प्रसिद्ध परिच्छेदात यांतलं काहीच नाही. विकत घेणारा आहे, विकणारा नाही. पुढे ते बलाढ्य हितसंबंधी गटांवर बोलतात, पण ते काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, कोंडीच्या संदर्भात. माणसाला सतत नवं काही घ्यायला लावणाऱ्या यंत्रणेच्या संदर्भात नव्हे.

मोंडेल यांचा आक्षेप इथे खरा ठरतो. टीका खोटी नव्हती. तिचा पत्ता चुकला होता.

पूर्वरंग एक, उत्तररंग दुसरा

कीर्तनात पूर्वरंगात जो सिद्धांत मांडला त्यालाच उत्तररंगातलं आख्यान पुष्टी देतं. या भाषणात पूर्वरंग विरक्तीचा आहे आणि उत्तररंग उत्पादनाचा. वस्तूंनी पोकळी भरत नाही असं सांगून झाल्यावर सहा कलमी ऊर्जा कार्यक्रम सुरू होतो: १९७७मध्ये वापरलं त्याहून अधिक परदेशी तेल हा देश यापुढे कधीही वापरणार नाही, आयातीवर कोटा, वीजकंपन्यांनी तेल सोडून मुख्यतः कोळशाकडे वळायचं, कोळसा आणि शेल या तेलयुक्त खडकापासून कृत्रिम इंधन काढण्यासाठी महामंडळ, २०००पर्यंत २० टक्के ऊर्जा सूर्यापासून, सार्वजनिक वाहतुकीसाठी दहा वर्षांत १० अब्ज डॉलर जादा. नागरिकाच्या वाट्याला येतं ते शेवटी: अनावश्यक प्रवास टाळा, आठवड्यातून आणखी एक दिवस गाडी उभी ठेवा, वेगमर्यादा पाळा.

सौरऊर्जा आणि सार्वजनिक वाहतूक ही कलमं पहिल्या भागाशी जुळतात. पण भाषणाचा भर युद्धाच्या भाषेवर आणि प्रचंड उत्पादनावर आहे. आपण वेगळं जगायचं आहे की तसंच जगण्यासाठी वेगळं इंधन शोधायचं आहे? श्रोत्याला याचं उत्तर मिळत नाही.

त्यानंतर

आणि तरीही त्या रात्री भाषण पोहोचलं. व्हाइट हाउसकडे पत्रांचा आणि दूरध्वनींचा ओघ लागला, त्यांत बहुसंख्य पाठिंब्याचे. लोकप्रियतेचा आकडा ११ टक्क्यांनी वर गेला. लोकांनी प्रवचन नाकारलं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. स्वतःवरचे आरोप वाचून दाखवणाऱ्या माणसाचं कठोर बोलणं लोकांनी मनापासून ऐकून घेतलं होतं.

१७ जुलैला संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले आणि त्या आठवड्यात पाच मंत्री गेले: कॅलिफानो, ब्लूमेंथाल, श्लेसिंजर, ॲडम्स आणि बेल. शिष्यांत शिस्त कमी आहे हे वाक्य लोकांनी दोनच दिवसांपूर्वी ऐकलं होतं. आता त्या आत्मपरीक्षणाचं रूप दुसऱ्यांना काढून टाकण्याचं झालं. दोष माझ्यातही आहे असं सांगणारा अध्यक्ष गोंधळलेल्या सरकारचा प्रमुख दिसू लागला, आणि लोकप्रियता पुन्हा घसरली. इथॉस भाषणाबरोबर संपत नाही. उपभोगावर टीका करणाऱ्याने तर तो गहाणच टाकलेला असतो, आणि लोक नंतरही बघत राहतात. नोव्हेंबरात तेहरानमध्ये अमेरिकन दूतावासातले लोक ओलीस धरले गेले. पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांनी मांडलं की देशाच्या लोकांत काहीच बिघडलेलं नाही, बिघाड वॉशिंग्टनमध्ये आहे. कार्टर यांच्या लोगोसमधल्या फटीवर हा नेमका घाव होता. १९८०मध्ये रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली. छतावरचे सौर संच १९८६मध्ये उतरवले गेले. तेलाची आयात दर चढल्यामुळे आणि मंदीमुळे काही वर्षं खरोखरच घटली, पण नव्वदीच्या दशकात १९७७ची पातळी ओलांडून पुढे गेली.

भाषणातल्याच दोन वाक्यांवर त्याचा युक्तिवाद उभा राहू शकला असता. दोन्ही वाक्यं कार्टर यांनी वहीतून वाचली. एक होतं: काहींनी ऊर्जा उधळली, पण इतरांकडे उधळायला काही नव्हतंच. दुसरं मिसिसिपीतल्या एका छोट्या गावच्या कृष्णवर्णीय महिला महापौरांचं: बडी माणसंच तेवढी महत्त्वाची नसतात, कुणीतरी कुठेतरी आधी ते जमिनीतून खणून काढल्याशिवाय वॉल स्ट्रीटवर काहीही विकता येत नाही. पहिलं वाक्य विचारतं की उपभोगणारे 'आपण' म्हणजे नक्की कोण. दुसरं विचारतं की हा उपभोग कुणाच्या श्रमावर उभा आहे. या दोन प्रश्नांमधून गेलेली टीका लेव्हिटटाउनच्या कामगाराला आणि त्याला तिथे वसवणाऱ्या व्यवस्थेला वेगळं करू शकली असती, आणि बचत का घटली याचा हिशेबही मांडू शकली असती. उपभोगाच्या परिच्छेदात यांतलं एकही वाक्य परत येत नाही. पुढे सहा कलमांमध्ये गरजूंना वाढत्या इंधनखर्चासाठी जादा मदत देण्याचं आश्वासन एका वाक्यात येतं, आणि भाषण पुढे सरकतं.